धुतलेली जर्सी

रविवार रात्र, साकोली

डोकं अजून तापलेलंच आहे. दादाने अमेरिकेहून पाठवलेली जर्सी आईने धुतली! नुसती धुतली नाही, काखेजवळची फाटही शिवून टाकली.

बास्केटबॉलच्या प्लेऑफ सामन्यात, म्हणजे बाद फेरीत, तिथल्या एका खेळाडूच्या अंगावर असलेली जर्सी ती. त्या सामन्याच्या फोटोत ती फाट अगदी तशीच दिसते, म्हणून तर ती खरी. घामाचे डाग, कोर्टवर घसरल्याची काळी रेघ, सगळं ब्रशने घासून साफ. आता ही खरी आहे हे कोण मानेल? आणि दादाला काय सांगू? किती हौसेने लिलावात घेतली होती त्याने माझ्यासाठी.

मी ओरडलेच. "आई, काहून हात लावला तू?"

दोरीवरची चादर काढता काढता ती म्हणाली, "वास येऊन राहिला होता. अन् फाटलेलं कोण घालते?"

"ते घालाले नव्हतंच!"

"मंग कायले पाठवलं त्यानं?"

ती फाट मी परत परत चाचपते आहे. टाके इतके बारीक की बोटाला लागत नाहीत. याचाच जास्त राग येतो.

जेवताना आईच म्हणाली, "उद्या ग्राउंडवर घालून जा. मी बी येतो पाहाले."

शाळेपासून बास्केटबॉल खेळते आहे मी. जिल्ह्याकडून खेळले, तेव्हाही ती आली नव्हती. कधी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि आज हे! नीट रागावूही देत नाही ही बाई.

"सकाळी लवकर निघू," एवढंच म्हणाले.