काचेतला ठिपक्या

१२ जानेवारी
बटण दाबलं. बोलते. स्वानंदी पुण्याला शिकायला जाताना दाखवून गेली— "आज्जी, तू बोल, फोन लिहील." फोन तिच्या बापाचा, श्रीरंगचा, जुना. मला अक्षर कळत नाही, म्हणजे कुणालाच कळायचं नाही. बरंय!

आज श्रीरंगने काचेच्या टाकीत समुद्रातला नवा मासा सोडला. पांढरा, अंगभर काळे ठिपके, बोटाएवढा. मान खाली घालून पोहतो. नव्या सुनेसारखा!

२ मार्च
निळा मासा गेला. त्याआधी पिवळे दोन. श्रीरंग पाणी तपासत बसलाय. मी पाहिलं ना— ठिपक्याने जबडा उघडला आणि निळा आत! चावलासुद्धा नाही. कसली नवी सून!

सांगितलं नाही. चहाडी कशाला?

१९ जून
आता टाकीत तो एकटा, अकराव्या मजल्यावर मी एकटी. श्रीरंग आणि सूनबाई सकाळी आठला जातात ते रात्री आठला येतात. मी खुर्चीतून उठले की ठिपक्या काचेशी येतो, डोळा फिरवून बघतो. मी डावीकडे, तोही डावीकडे.

काल श्रीरंग फोनात बघत म्हणाला, "जेवलीस का गं आई?"
"नाही."
"छान."

७ सप्टेंबर
ठिपक्या दीड वीत झालाय. वळताना शेपूट काचेला घासते. श्रीरंगने मासे पाळणाऱ्या गुरुराजला आणलं. शहराबाहेर आनेकलला त्याच्याकडे खोलीएवढ्या टाक्या आहेत. म्हणाला, "अज्जी, हा घरात ठेवायचा मासाच नव्हे. खडकात दबा धरणारा शिकारी. अजून दुप्पट वाढेल. माझ्याकडे फिरेल तरी."

"आई, देऊ ना?"
"दे की! वास मारतो मेला."

खोटं बोलले. फोना, तुला म्हणून सांगते— तो गेला की या घरात मी उठले काय, बसले काय, कुणाला कळायचं नाही.

१२ सप्टेंबर
नेला. इथले कानडी लोक म्हणतात तसं— सरी. ठीक.

१३ सप्टेंबर
टाकीसमोरून चालून पाहिलं. डावीकडे. उजवीकडे. पाणीसुद्धा हललं नाही.

१९ सप्टेंबर
श्रीरंग चारलाच घरी! फोन खिशात. शेजारी बसला. "आई, रविवारी आनेकलला जाऊ. ठिपक्या तुला ओळखतो का बघू."
"मला काय त्याचं?"
खाली बघत म्हणाला, "त्या जुन्या फोनातलं सगळं माझ्या फोनातही येतं. आज पहिल्यांदा उघडलं." मग हळूच, "जेवलीस का?"
"नाही."
उठला. स्वतः ताट वाढून आणलं.

२० सप्टेंबर
वाचतोयस ना, श्रीरंग? आमटी अळणी होती.