फूलमनी काय मागत होती

पोलादपूर

प्रिय कालिंदी,

आठ महिन्यांनी लिहितेय. मेसेज टाकता आला असता, पण हे दोन ओळींत मावणारं नाही. महाडला आई-बाबा बरे आहेत. मी इथेच, दवाखान्यामागच्या खोलीत एकटी राहते. ड्यूटी संपली की वाटतं, दिवसभर बोलत होते, पण बोलणं असं कुणाशी झालंच नाही. मग तू आठवतेस.

गेल्या वर्षी आमचं प्रशिक्षण झालं. परप्रांतातल्या, वेगळ्या चालीरीतींच्या रुग्णांना कसं सांभाळायचं, त्याचं. शेवटी फॉर्ममध्ये प्रश्न होता, किती आत्मविश्वास वाटतो? मी पाचपैकी पाचवर खूण केली. डोंगरातल्या कुडपण गावच्या म्हाताऱ्यांपासून बिहारी मजुरांपर्यंत सगळे सांभाळलेत, असा माझा तोरा.

मंगळवारी फूलमनी आली. वीस-बावीसची, झारखंडची. नवरा घाटातल्या रस्त्याच्या कामावर. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं, तिला तेही नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत पोटातल्या बाळाचे ठोके थांबले होते. मुलगा होता. मी त्याला कापडात गुंडाळून लगेच बाहेर नेलं. आपल्याला तसंच शिकवलंय ना, आईला दिसू नये, त्रास होतो. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी पाणी दिलं. उशी सारखी केली. दुखतंय का म्हणून पोट तपासलं. शेवटी "सो जाओ" म्हणून पाठ फिरवली.

आमच्या वॉर्डातल्या मावशी, ठकूबाई, फरशी पुसत होत्या. त्या थांबल्या. म्हणाल्या, "गो शिस्टर, ती तिचं पोर मागतेय. कळत नाय तुला? माझं बी कुणी दाखवलं नव्हतं. तीस वर्सं झाली, मी अजून त्याचं तोंड आठवाया बघते."

मी धावत सुटले. नवरा बाळाला घेऊन फाटकाबाहेर टेम्पोत चढत होता. त्याला हाताला धरून परत आणलं. फूलमनीने कापड सोडलं, त्याची इवलीशी मूठ उलगडून पाहिली आणि हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणू लागली. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. मी नुसती कॉटपाशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहावं तरी का?

कालिंदी, तुझं बाळ गेल्याची बातमी आली तेव्हा मी 'काळजी घे' एवढंच पाठवलं. नंतर तुझे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. कामात नव्हते गं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून वाजू दिले. तिकडे जर्मनीत तू एरवी दुसऱ्यांची नर्स, पण त्या दिवशी कॉटवर तू होतीस आणि भोवती सगळी परकी भाषा. तुझी मुलगी तुला कुणी दाखवली का? कुणासारखी होती? नाव ठेवलं होतंस? हे तेव्हाच विचारायला हवं होतं. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. मी फोन करीन. उचलावासा वाटला नाही, तर का, ते मला कळेल.

तुझीच,
देवश्री