बॅरिस्टर थेट, साक्षीदार घरचा

लेस्टर, १४ मार्च २०२५

ती. दादास,

सत्यशीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. कोर्टाचा विषय फोनवर काढायचा नाही, रेकॉर्डिंग होतं, असं तूच बजावलंस, म्हणून पेन धरलं आहे. अक्षराला हसू नकोस.

तुझ्या दाजींनी, बद्रीनाथांनी अर्ज टाकला. ते इंग्लंड सोडून कायमचे आपल्या गावी, वडवणीला निघालेत आणि आरोहीला बरोबर न्यायचं म्हणतात. सात वर्षांची पोर कुणाजवळ राहणार ते आता इथला जज्ज ठरवणार. दादा, भीतीने घास गिळवत नाही.

इथली रीत अशी की आधी सॉलिसिटर गाठायचा. तो कागद जमवतो, साक्षीदारांचे जबाब घेतो आणि मग कोर्टात बोलायला बॅरिस्टर लावतो. दोघांना पोसणं नर्सच्या पगारात बसत नाही, म्हणून मी थेट बॅरिस्टर बाईच लावल्या. आता तशी मुभा आहे. बाई हुशार आहेत, पण त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की त्या सल्ला देणार आणि कोर्टात लढणार. कागद, जबाब, मुदती माझ्या मी सांभाळायच्या. मी म्हटलं, मला मोठा भाऊ आहे.

कपिलधारला बद्रीनाथांनी मला देवळाच्या पायऱ्यांवरून ढकललं, माझा हात मोडला, तेव्हा पाहणारा तू एकटाच होतास. दवाखान्यात अब्रूपायी आपण पाय घसरला असं सांगितलं. आता खरं काय ते लिहून, सही करून पाठव. सगळी केस त्यावर उभी आहे.

आईला आणि वहिनीला नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सत्यशीला


नांदूरघाट, ५ एप्रिल २०२५

चि. सौ. सत्यशीला हिस,

शिवशंकरचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. 'सौ.' लिहिलं म्हणून नाक मुरडू नकोस. तुमची सोडचिठ्ठी अजून व्हायची आहे.

तुझ्या बॅरिस्टरचं वाचून पारावर मी दोन दिवस मिरवलो. इथे बैलसुद्धा दलालाशिवाय विकला जात नाही आणि आमची बहीण थेट बॅरिस्टरच्या दारात! अप्पा असते तर मिशीला पीळ देत गावभर फिरले असते.

जबाबाचं मनावर घेऊ नकोस. तू सांगावं आणि मी करू नये असं कधी झालं? पण कोर्टाचा कागद म्हणजे विस्तव. अर्धवट माहितीवर लिहिलं तर समोरचा वकील मला सोलून काढील. तेव्हा बाई काय मांडणार, त्यांना भीती कशाची वाटते, तुझं कुठे चुकलं, सगळं सविस्तर लिही. भावापासून काय लपवायचं!

यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट मिळेलसं दिसतं. बंकटराव माझ्यावर खूश आहेत. हो, तेच, दाजींचे चुलते. राजकारणात असल्या गोष्टी मनाला लावून चालत नाही. आई म्हणते, फोटोत लई वाळलेली दिसतीस, खात जा.

आमचे आशीर्वाद पाठीशी आहेतच, तुझा लोभही असू दे.

तुझा,
दादा


लेस्टर, २८ एप्रिल २०२५

ती. दादास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

केसमधलं कुणाला सांगू नका, असं बाईंनी बजावलं होतं. मी मनात म्हटलं, कुणाला म्हणजे परक्याला.

रात्रपाळी असते तेव्हा आरोही वरच्या मजल्यावर हमीदाभाभींकडे झोपते. भाभी आपल्या बीडच्याच, पोटच्या पोरीसारखं पाहतात. ते कोर्टात सांगायला मला काही वाटत नाही. दुखरी जागा एकच आहे. जानेवारीत रात्रपाळी करून आले, आरोहीला खाली आणलं आणि मेल्यासारखी झोपले. आरोही दार उघडून, झोपेच्या कपड्यांत, अनवाणी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. पोस्टमनने हाताला धरून आणली. मी कपाळ बडवून घेतलं. हे भाभींशिवाय कुणाला ठाऊक नाही. बद्रीनाथांना कळलं तर माझं संपलं.

जबाब मीच टाइप करावा आणि तुला वाचायला देऊन आधी सही घ्यावी, असं बाई म्हणाल्या. थोरल्या भावाला असं करतात का? तुझ्या शब्दावर विश्वास नाही असाच अर्थ व्हायचा. मी काही पाठवलं नाही. मुदत मेअखेर आहे, तेवढं बघ.

वहिनीला सांग, तिची शेंगदाण्याची चटणी आरोही चमच्याने खाते. लोभ आहे, तो असाच राहो.

तुझी,
सत्यशीला


नांदूरघाट, २० मे २०२५

चि. सौ. सत्यशीला हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र पावलं, सगळं समजलं. लग्नसराईत जीव मेटाकुटीला आला आहे. रोज एक पंगत, रोज एक फेटा. वहिनी म्हणते, मतं मिळोत न मिळोत, पोट मात्र वाढलं.

जबाब लिहून झाला. बीडला जाऊन नोटरीसमोर सही केली. कुरिअरचा भरवसा नाही म्हणून खात्रीच्या माणसाबरोबर धाडला आहे. योग्य ठिकाणी मुदतीत पोचेल. निर्धास्त झोप.

आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा


लेस्टर, १८ जुलै २०२५

शिवशंकर दादास,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुझा जबाब मुदतीत पोचला, समोरच्यांच्या कागदांत. ओल्या दगडावरून बहिणीचा पाय घसरला, दाजींनी तिला सावरलं, असं तू लिहिलंस. अनवाणी पोर लिहिलीस, पोस्टमन लिहिलास. मुलीने वडवणीला वाढावं अशी माहेरचीही इच्छा आहे, असंही लिहिलंस. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या की सॉलिसिटर असता तर त्याने तुझ्याकडून आधी सही घेतली असती आणि तुला केसमधलं अवाक्षर सांगितलं नसतं. तो खर्च वाचवला आणि त्याच्या जागी मी तुला बसवलं. पोस्टमनचं खरं का, असं जज्जने मला विचारलं. मी हो म्हटलं.

आरोही पुढच्या महिन्यात जाते. तुझं वाटोळं होवो असं लिहिलं होतं, ते खोडलं, कारण पोर आता तुमच्याच हातात आहे. दर रविवारी तिने माझ्याशी फोनवर बोलावं असा हुकूम आहे. तिथे तो कोण पाळणार? तू वडवणीला जा आणि तिच्या हातात फोन दे. दादा, एवढंच कर. पाया पडते.

सत्यशीला


नांदूरघाट, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सत्यशीला हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. रागात लिहिलेलं मी मनाला लावून घेतलं नाही, धाकटी आहेस. तिकीट माझंच, असा बंकटरावांनी शब्द दिला आहे. आईने पेढे वाटले.

भाऊ विकला गेला असं तुला वाटत असेल. अगं, पोर आपल्या माणसांत वाढेल, यात वाईट ते काय? दाजी तापट खरे, पण कोणाचा नवरा चिडत नाही?

तू सांगितलंस म्हणून वडवणीला जाऊन आलो. आरोही आल्यापासून धड जेवत नव्हती. बॅग भरून दारात बसायची, कुणी उठवलं तर चावायची. तुझ्या सासूबाईंचं, सरस्वतीबाईंचं म्हणणं पडलं की पोरीला आईची आस हाय, तवर ती रुळायची न्हाई. म्हणून घरच्यांनी विचार करून तिला सांगितलं की मम्मी वारली. पोरीने कुणाचंच मानलं नाही. मी गेलो तशी पळत येऊन बिलगली आणि विचारलं की हे खरं आहे का. मामा कधी खोटं बोलत नाही असं तूच तिला शिकवलं आहेस म्हणे. मी हो म्हटलं.

दोन दिवस ताप होता, पण आता जेवते, शाळेतही जाते. तुझ्या फोटोला हार हवा म्हणाली, तो मी बाजारातून आणून दिला. स्वतःच्या हाताने घातला, गुणी आहे. तेव्हा रविवारचा फोन आता करू नकोस, पोर घाबरेल.

थंडी सुरू झाली असेल, जपून राहा. दादावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा