उलट्या बटणांची माणसं

प्रिय सूनबाई,

एरवी मी तुला अशी हाक मारत नाही. आज मारतेय, कारण तीन दिवस झाले, तू माझ्याशी धड बोललेली नाहीस. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, दार लावून घ्या, एवढंच. त्यापेक्षा रेडिओ जास्त बोलतो. म्हणून हे पत्र तुझ्या पर्समध्ये ठेवतेय. दवाखान्यात पेशंट नसतील तेव्हा वाच. दातांच्या डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून मात्र वाचू नकोस, हसू फुटलं तर त्यांच्या हातातलं मशीन हलायचं आणि कुणाचा तरी चांगला दात जायचा.

आधी बुधवारचं सांगते. डोकं दुखतंय म्हणून तू दुपारीच घरी आलीस आणि पाहिलंस काय, तर तुझी चौसष्ट वर्षांची सासू जेवणाच्या टेबलाशी बसलीय, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, पडद्यावर गुलाबी उजेडात तोकड्या कपड्यांतली एक मुलगी, आणि सासू तिला म्हणतेय, जरा वळ बघू, मागची बाजू दिसू दे. अगं, तुझ्या जागी मी असते तर मलाही घेरी आली असती! तू चपला न काढता तशीच बाहेर गेलीस. संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून नणंदेला फोन केलास, की आईंचं काहीतरी बिनसलंय, डॉक्टरांना दाखवू या. बाल्कनीचं दार नीट लागत नाही हे तुला माहीत आहे, तरी तू तिथेच उभी राहून कुजबुजतेस. मला वेडी ठरवा, माझी काही हरकत नाही. पण तू अशीच तोंड फिरवून राहिलीस तर या घरात माझं दुसरं आहे कोण? माझा लेक जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तू आणि मी, दोघीच. तुझं मन माझ्यावरून उडालं तर माझं काही खरं नाही.

तर आता सगळं कबूल करते. गेले तीन महिने मी जोडीदार शोधायच्या साइटवर आहे. एका नाही, सात. किंचाळू नकोस, पुढे वाच.

एकतीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होते. तिथे पहिल्या दिवशी मला शिकवलं की शर्ट समोरून बघायचाच नाही. समोरून सगळेच शर्ट छान दिसतात. आधी आतली बाजू बाहेर काढायची, टीप बघायची, बटण ओढायचं, मग बोलायचं. मी साइटही तशाच तपासल्या. एक वही केली आणि तीन रकाने आखले: पास, दुरुस्ती, बाद. पहिल्या पानावर हातात हात घालून हसणारी जोडपी असतात, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट तळाशी गेले, जिथे मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. चालवतंय कोण, पत्ता कुठला, तक्रार कुणाकडे करायची, खातं बंद कसं करायचं. एका साइटला आत यायला मोठ्ठं दार आणि बाहेर पडायला फटसुद्धा नाही. नऊ दिवस झगडले तेव्हा सुटले. बाद. एकीने नाव विचारायच्या आधी कार्डाचा नंबर विचारला. बाद. एका ठिकाणी मी फोटो लावायच्या आतच पाच पुरुषांना मी भलतीच आवडले. इतकी तर मी तुझ्या सासऱ्यांनाही आवडले नव्हते, आणि त्यांनी मला समोर बसवून पाहिलं होतं. तीही बाद.

मग भेटले जहाजाचे कप्तान. रुबाबदार, पांढऱ्या मिशा, रोज सकाळी गुड मॉर्निंग. चौथ्या दिवशी म्हणाले, माझी पेटी बंदरात अडकलीय, थोडी मदत करशील का, लाडके. लाडके म्हणे! मी त्यांचा फोटो मोठा करून पाहिला. शर्टाचा खिसा उजवीकडे आणि बटणं बायकांच्या बाजूला. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या पट्टीला असतात, ही चूक कुठलाही शिंपी करणार नाही. म्हणजे फोटो दुसऱ्या कुणाचा तरी उचललेला, आणि पकडलं जाऊ नये म्हणून आरशासारखा फिरवलेला. मी कप्तानांना लिहिलं की आधी बटणं सरळ करा, मग पेटीचं बघू. पुन्हा गुड मॉर्निंग आलं नाही.

इथवर माझी कॉलर ताठ होती. मग मी सपाटाच लावला. बटणं उलटी दिसली की माणूस बाद. तीन आठवड्यांत अकरा जण उडवले. नुसते उडवले नाहीत, प्रत्येकाला चार खडे बोलही सुनावले. एका बिचाऱ्या ग्रंथपालाला तर मी लिहिलं, की लाज वाटत नाही का दुसऱ्याचं तोंड लावून फिरायला?

पुढे एका साइटने पडताळणीसाठी माझाच ताजा फोटो मागितला. मला ही साइट आवडली, वाटेल त्याला आत घेत नव्हती. मी तो निळा स्वेटर घातला, हात लांब केला, स्वतःचा फोटो काढला आणि बघते तर काय, माझ्या गालावरचा तीळ पलीकडच्या गालावर, आणि स्वेटरची बटणं पुरुषांच्या बाजूला! माझ्याच नियमाप्रमाणे मी लबाड ठरले, वर पुरुषही. मोबाइल दुरुस्तीवालीकडे धावले. ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. स्वतःचा फोटो स्वतः काढला की पुष्कळ मोबाइल तो असाच उलटा ठेवतात म्हणे. अकरा भल्या माणसांची मी उगाच बेअब्रू केली होती गं! दोन दिवस बसून अकरा माफीपत्रं लिहिली. चार जणांनी उत्तर दिलं. ग्रंथपालांनी सरळ बटणांचा नवा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, तपासणीसाठी सादर.

आता ती गुलाबी मुलगी. एका जाहिरातीत लिहिलं होतं, थेट गप्पा, खरी माणसं. मला खरी माणसंच हवी होती, मी बोट लावलं. वय विचारलं, ओळखपत्र मागितलं, मिनिटाचा भाव आधीच सांगितला, म्हटलं कारभार तर चोख दिसतोय. पडदा उघडला तेव्हा कळलं गप्पा कसल्या ते. ती मला बघून घाबरली, मी तिला बघून. बंदच करणार होते, तेवढ्यात दिसलं की तिच्या पाठीवरचा पट्टा उसवत आलाय. आता एकतीस वर्षांची सवय, राहवतं का? म्हटलं, बाई, वळ जरा, दुहेरी टीप मारावी लागेल. नेमकी त्याच क्षणी तू दारात. नंतर तिने सुईदोरा आणला, मी समोर बसून शिवून घेतलं. गुणी आहे. तिनेच मला सांगितलं, की जो पहिल्याच दिवशी दुसऱ्या अॅपवर चल म्हणतो, व्हिडिओवर चेहरा दाखवायचं टाळतो किंवा फोटो मागून मग धमकावतो, त्याला तिथल्या तिथे अडवायचं आणि तक्रार करायची. मी ते वहीत लाल पेनाने लिहून घेतलं. निघताना मला आजी म्हणाली.

तू म्हणशील, या वयात हे थेर कशाला. अगं, मला नवरा करायचा असता तर तुला आधी सांगितलं असतं, दागिने कुठले घालू म्हणून. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी चहा घेऊन तुझ्या खोलीत आले. तू मोबाइलवर काहीतरी भरत होतीस, आणि गालातल्या गालात हसत होतीस. चार वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मला बघितलंस आणि चटकन मोबाइल पालथा ठेवलास. पण लाल गोलातला बदाम, त्या जोडीदार शोधायच्या साइटची खूण, मला दिसला होता. त्या रात्री तू ते अॅप काढून टाकलंस, माझ्यासाठी, हेही मला कळलं. माझा जीव तुटला गं. तीच साइट मी पहिली तपासली. बाहेर पडायला फट नसलेली ती हीच, बरं झालं फॉर्म पुरा व्हायच्या आधीच सुटलीस. पाकिटात वहीचं शेवटचं पान आहे. सातांपैकी एकच पास झालीय, तिचं नाव त्यावर आहे. सोबत तुझा फोटो आहे, गच्चीवर मी काढलेला, म्हणून बटणं सरळ आहेत. माणूस तू निवडायचा, मी नाक खुपसणार नाही, फार तर शर्ट बघेन. फॉर्ममध्ये घरात कोण कोण आहे असं विचारतात. तिथे सासू लिहिलंस तर निम्मे पळतील, आई लिही. आणि आज संध्याकाळी घरी आलीस की माझ्याशी बोल, आणि माझ्यासमोर मोबाइल पुन्हा कधी पालथा ठेवू नकोस.

तुझीच,
आई