तिळाच्या तेलाच्या सहा बाटल्या

शिनचू,
सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय आई,

तुझी मान आता दुखत नसेल आणि बाबा जेवण झाल्यावर सिगरेट ओढायला बाजारामागं सटकत नसतील, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. दोउदोउला चौदावा महिना लागला. सोफ्याला धरून चालते, नको तिथे हात घालते. त्सुंग-वेइला कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी. वारा नेहमीसारखाच, वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांकडून मागून आणावे लागतात.

तुझं खोकं शनिवारी मिळालं. काळ्या तिळाच्या तेलाच्या सहा बाटल्या आणि पाच किलो जून आलं. आई, मी बाळंत होणार नाहीये. हे कोणाच्या बाळंतपणाचं सामान आहे?

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मागे मासळीबाजाराचा गलका, आणि मग "बरं बरं, आ-जू, ठेवते, गिऱ्हाईक आलंय." म्हणून लिहितेय. गिऱ्हाईक गेल्यावर वाच.

खोकं उघडलं तेव्हा सासूबाई इथेच होत्या. एकेक बाटली उजेडात धरून बघत म्हणाल्या, "विहीणबाईंना कळतं हो! बाळंतपणाच्या महिन्यात लागलेलं दुखणं पुढच्या बाळंतपणाच्या महिन्यातच निघतं. दुसरं होऊ दे, या खेपेला महिनाभर मी न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. बघू कशी केस धुते ती!" त्सुंग-वेइ हसला. म्हणजे तुम्हा तिघांचं ठरलंय. मी फक्त पोट पुरवायचं.

वर्षभर हेच ऐकतेय. सकाळी उठवत नाही? डोक्याला पाणी लावायचं नसताना केस धुतले ना महिन्यात! जेवण जात नाही? डोक्यात वारा शिरलाय. मुलीला घेऊन भिंतीकडे बघत बसते? तोच वारा. "एकोणिसाव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलंस, आता भोग," असं तूही म्हणालीस. हसत म्हणालीस, पण म्हणालीस. राग राग येतो मला तुमचा सगळ्यांचा. माझ्या अख्ख्या जिवाचा हिशोब तुम्ही शांपूवर लावून मोकळे झालात.

तर आता ऐक. केस मी धुतलेच नव्हते.

त्या दिवशी न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून मी खाली बसले होते, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. महिन्यात रडलं तर डोळे जातात, हे तुम्हीच बजावलेलं. वाफेनं केस चिंब झाले. बाहेर आले तर सासूबाई समोर. "केस धुतलेस?" मी हो म्हटलं. तो ओरडा परवडला. रडत होते म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि का ते मला माहीत नव्हतं.

आणि हे महिन्यात सुरू झालेलंच नाही. सातव्यात असताना तू झबली पाठवलीस, आठवतं? फोनवर मी "किती गोड" म्हटलं. मग ती मांडीवर घेऊन दुपारभर बसले आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. तेव्हा केस रोज धूत होते.

हे इतकंच सांगून पत्र संपवणार होते. पण मग तू आणखी आलं पाठवशील.

मागच्या महिन्यात एका दुपारी दोउदोउला बाबागाडीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. ती झोपली होती. गाडी दुकानाच्या दाराशी लावली, आत न जाता तशीच चालत स्टेशनवर गेले आणि ताइनानच्या गाडीत बसले. तुझ्याकडे यायचं होतं. मनात दुसरं काही नव्हतं, तीसुद्धा नव्हती. पुढचं स्टेशन आलं तेव्हा समोरच्या बाईचं बाळ शिंकलं आणि मी दारातून अक्षरशः उडी मारली. परत पोहोचले तर दुकानवाली तिला कडेवर घेऊन उभी. म्हणाली, "पोट बिघडलं होतं का गं? केवढा वेळ!" मी हो म्हटलं. हो म्हणायची मला सवयच लागलीये.

हे कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी, एकवीस तारखेला, दुपारी दोन वाजता मी मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतलीये. त्सुंग-वेइ म्हणाला, "आधी आईला विचारू." कुठल्या आईला, ते विचारायची गरजच नव्हती. सासूबाईंचं उत्तर तयार आहे: "असल्या डॉक्टरपेक्षा एक नातू बरा."

आता तुझं. ताईच्या वेळी बाराव्या दिवशी उठून तू मासळीच्या गाळ्यावर गेलीस, तेव्हापासून तुझं डोकं दुखतं, तुला एकदम रडू येतं, हे आम्ही ऐकतच वाढलो. आणि "दुसरीच्या महिन्यात सगळं भरून काढलं" असं तू लग्नाकार्यात चारचौघींना सांगतेस. ती दुसरी मी. पण आई, भर जुलैत, ताइनानच्या उकाड्यात, तू अजून लोकरीची टोपी घालतेस. मी सहा वर्षांची असताना तू बर्फाच्या पेटीआड बसून रडायचीस, आणि मी तुझा हात धरून उभी राहायचे. माझं काय चुकलं ते मला कधी कळलं नाही. मी तुला बरं करायला जन्मले होते, एवढं मात्र ठाऊक होतं.

दोउदोउच्या पाठच्या कुणाला मी असं उभं करणार नाही. आजवर हो म्हणत आले, हे माझं पहिलं नाही.

बाटल्या परत पाठवतेय, खोकं उद्या निघेल. त्याऐवजी तू ये. आदल्या दिवशी, बुधवारी, गाळा ताईवर सोपव आणि ये. सासूबाई दारात आडव्या आल्या तर त्यांच्याशी तूच बोल, मला ते जमत नाही. दोउदोउला घेऊन दवाखान्यात बाहेर बसायचं, एवढंच काम. आणि जमलं तर, मला बोलावतील तेव्हा तूही आत ये. एकाच वेळेत दोघी मावतो का, विचारू.

तुला लागू न पडलेलं औषध,
आ-जू