चाळीस यार्ड आणि माझा अंगठा

प्रिय केंडेरियस,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझ्या मामीकडून सगळं कळलं. फुटबॉलच्या मोठ्या संघांची माणसं कॉलेजात निवडीला आली, तुला चड्डीवर उभं करून उंची मोजली, पंजा मोजला, उड्या मारायला लावल्या. माझ्या बापाने खेचर घेतलं तेव्हा नुसते दात पाहिले होते. मग चाळीस यार्ड पळवलं आणि चार पूर्णांक एकसष्ट सेकंद भरले. त्यावर तू म्हणे सगळ्यांदेखत ओरडलास, की घड्याळं बिघडलीत तुमची, घरी मी चार-अडतीस पळतो, आजीला विचारा!

अकरा माणसांची अकरा घड्याळं एकाच सकाळी बिघडली? अरे, आपल्या चर्चमधल्या अकरा बायकांचं बटाट्याच्या सॅलडवरही कधी एकमत होत नाही.

काल उत्तरेकडच्या एका संघाच्या माणसाचा इथे फोन आला. बाई, म्हणाला, तुमचा नातू पळतो बेताचाच, पण चेंडू कुठे पडणार ते त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं. मंगळवारी त्याला परत बघायचंय, तर तो म्हणतो आधी माफी मागा. मी म्हटलं, तोंड त्याला माझ्याकडून आलंय, डोळे कुणाकडून आले ते देव जाणे. हसला बिचारा. पण मंगळवारनंतर कोणी हसणार नाही, वाटही बघणार नाही.

नदीच्या बांधाखालचा आपला रस्ता आठवतो ना? पत्रपेटीपासून पिकॅनच्या झाडापर्यंत चाळीस यार्ड. मी झाडाखाली पालथ्या बादलीवर बसायची, तुझ्या शाळेतल्या कोच मॅबरीचं जुनं बटणाचं घड्याळ हातात. तू धापा टाकत यायचास, किती आजी, किती? आकडा ऐकला की दोन-दोन ताटं जेवायचास.

आता ऐक. तू सुटलेला मला दिसायचास, मग हा सुजका अंगठा हलायचा, तोवर तू दोन ढांगा पुढे. शेवटी मात्र तू समोरून येताना दिसायचास, म्हणून बटण आधीच दाबलं जायचं. मला तरी कुठे कळत होतं! पण तू अकरावीत असताना कोचने शाळेत विजेवरचं यंत्र लावलं, चार-बासष्ट आले. तुला न सांगता तो आधी माझ्याकडे आला. मी म्हटलं, तोंड उघडलंस तर माझ्या हातचा तळलेला मासा विसर. त्याच आठवड्यात तू शाळा सोडून मासे कापायच्या कारखान्यात जायचं म्हणत होतास. एकोणीस वर्षं कापलेत मी तिथे. हा अंगठा तिथेच कामातून गेला. म्हणून गप्प बसले, आणि पुढेही तुला अडतीसच सांगत राहिले. त्यांची घड्याळं ठीक आहेत, पोरा. मंगळवारी जा. माफी तू माग. आजीला विचारा म्हणाला होतास ना? मग हे पत्र दाखव त्यांना.

तुझीच, खोटारडी,
आजी अर्लीन