एकीनं काय होणार आहे

१४ मे
काल दिवसभर लाइट नाही! उकाड्यानं प्रयोगशाळेतल्या कोऱ्या वाणाच्या फळमाश्या पटापट मेल्या. एकाच नळीत अकरा उरल्यात. सरांनी चौदा वर्षं जपलेला वाण, आणि मी बुडवणार. नळ्या धुणारी, बुचं बदलणारी नलिनी भावाच्या लग्नाला गेलीय, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात.
खिडकीच्या काचेवर एक फळमाशी दिसली. आमचीच सुटलेली असणार. मादी, पोट टम्म. सुटलेली माशी मारायची, परत घालायची नाही, असा नियम आहे. पण अकराच उरल्यात! घातली नळीत. एकीनं काय होणार आहे!

२ जून
वाण वाचला! दहा नळ्या भरल्या. नलिनी म्हणाली, "ताई, नारळ फोडा." फोडला.

१९ जुलै
काहीतरी भयंकर चुकलंय.
चांदे, नेरे, भरे — तिन्ही गावांत जूनमध्ये बाटल्यांत केळं ठेवून माश्या धरल्या. त्या रानमाश्यांत उड्या मारणारं जनुक आहे. स्वतःच्या नकला करतं, जवळजवळ सगळ्या पिल्लांत उतरतं. थोड्या वर्षांत गावच्या गाव व्यापतं. सरांचा वाण हे जनुक इथं यायच्या आधीचा, म्हणून कोरा. कोऱ्या मादीला रानातला नर दिला की लेकी वांझ निघतात; मादीतही जनुक असेल तर धड निघतात. जनुक कुठवर पोचलं ते मी यावरून ओळखते. माझा सगळा प्रबंध यावर उभा आहे.
मागच्या वर्षी शंभरात नव्वद वांझ होत्या. आज चार.

२१ जुलै
पुन्हा मोजलं. चारच. म्हणजे कोरा वाण कोरा राहिला नाही. तीन वर्षं पाण्यात!
सर म्हणाले, "वृषाली, रानमाशी शिरलीय. बूच कुणी उघडं ठेवलं?" मी नलिनीचं नाव सांगितलं. दुसरं कोण असणार!

२२ जुलै
सरांनी नलिनीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "ताई, म्या न्हाई ठेवलं बूच उघडं. लेकीची शपत घेऊन सांगते. तुमी तरी बोला की सायबास्नी!" मी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं नाही. नंतर खूप रडले — वाणासाठी.

३० जुलै
या वाणाची नळी दुसरीकडे कुठंच नाही. सकाळी उठायचं तरी कशाला?

८ ऑगस्ट
वाण नेमका कधी बिघडला, ते सरांना लेखी हवंय. दर महिन्याच्या एक तारखेला थोड्या माश्या स्पिरिटमध्ये ठेवते, त्या सगळ्यांचा डीएनए तपासला. १ मेला ठेवलेल्या कोऱ्या आहेत. जूनपासून पुढच्या सगळ्या बिघडलेल्या. मेमध्ये काय झालं होतं? काही आठवत नाही.

९ ऑगस्ट
वहीत मागं जाऊन पाहिलं. १४ मे. नलिनी तर इथं नव्हतीच.
ही वही घेऊन आधी सरांकडे जाते, मग भऱ्याला, नलिनीच्या घरी.